ट्रकचालकाचे तास आणि आपला नाशवंत माल

(शेतकरी मेळाव्यात ‘शेतमालाची काढणी व वाहतूक’ या चर्चासत्रात दिलेले भाषण)



आजच्या चर्चासत्रात काढणी, प्रतवारी, पॅकिंग आणि शीतकरण या विषयांवर माझ्या सहकाऱ्यांनी आपल्याला उपयुक्त माहिती दिली. मी कृषिविद्या विभागाचा माणूस. पेरणीचे अंतर, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या हे माझे नेहमीचे विषय. आज मात्र मी आपल्याशी थोड्या वेगळ्या विषयावर बोलणार आहे. माल गाडीत भरल्यापासून बाजारात उतरेपर्यंत तो ज्याच्या हाती असतो, त्या ट्रकचालकाविषयी आणि त्याच्या कामाच्या तासांविषयी.

हा विषय शेतीचा नाही असे कोणास वाटेल. तो शेतीचाच कसा आहे, हे आधी घरच्याच एका प्रसंगावरून सांगतो.

सन २००६ मधील गोष्ट. मी तेव्हा बारावीत होतो. जुन्नर भागात आमचा दोन एकर टोमॅटो होता आणि माल वाशीच्या बाजारात जात असे. त्या दिवशी गाडी दुपारी बारा वाजता बांधावर येऊन उभी राहिली. अडत्याकडून रिकामे क्रेट परत आले नव्हते, तोडणीला मजूर कमी पडले. गाडी भरून निघायला रात्रीचे साडेदहा झाले. चालक दिवसभर उन्हात ताटकळला, शेवटी तर आमच्याबरोबर क्रेट रचू लागला. पहाटे चारला उठून पुण्यात आधीची खेप रिकामी करून तो आमच्याकडे आला होता, हे आम्हाला माहीत होते. तरी निघताना वडील म्हणाले, “लिलावाच्या आत पोचलंच पायजे बरं का, भाव पडतोय.” तो “हो अण्णा” म्हणाला आणि गेला.

रात्री एकच्या सुमारास माळशेज घाटात त्याला डुलकी लागली आणि गाडी डोंगराच्या बाजूला धडकून कलंडली. क्लीनर पोरगा वाचला. चालकाचा पाय दोन ठिकाणी मोडला. आम्ही पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेले होते. आम्ही बॅटरीच्या उजेडात आधी क्रेट मोजले आणि मग त्याची चौकशी केली. ही गोष्ट मी आजवर फारशी कोठे बोललो नाही. पण आजचा विषय तिच्याशिवाय पुरा होत नाही.

तो चालक त्या दिवशी जेमतेम साडेपाच तास गाडी चालवीत होता. नुसते चालविण्याचे तास मोजले तर त्याने कोणतीच मर्यादा ओलांडली नव्हती. पण तो एकवीस तास जागा होता. त्यातले साडेदहा तास आमच्या बांधावर गेले होते. हे साडेदहा तास कोणाच्या हिशेबात धरायचे, हाच आजच्या भाषणाचा मुख्य प्रश्न आहे.

अमेरिकेतील नियम काय आहेत?

या प्रश्नावर सर्वांत जास्त कायदे आणि सर्वांत जास्त भांडण अमेरिकेत झाले आहे. म्हणून तेथील हिशेब आधी समजून घेऊ.

अमेरिकेत मालाच्या वाहतुकीचा मोठा भाग ट्रकने होतो. १९३५ च्या मोटार वाहतूक कायद्यानंतर १९३७-३८ मध्ये तेथे चालकाच्या तासांचे पहिले नियम झाले. एक गमतीची पण विचार करायला लावणारी बाब सांगतो. आगगाडीतून नेल्या जाणाऱ्या जनावरांना २८ तासांपेक्षा जास्त काळ न उतरवता, चारा-पाण्याविना कोंडून ठेवू नये असा कायदा त्या देशात १८७३ मध्येच झाला होता. रेल्वे कामगारांच्या तासांचा कायदा १९०७ मध्ये आला. म्हणजे आधी जनावराचे तास मोजले गेले, मग रेल्वेच्या माणसाचे, आणि ट्रकवाल्याचे सर्वांत शेवटी.

आजचे मुख्य नियम मालवाहू ट्रकसाठी ढोबळमानाने असे आहेत :

१. सलग १० तास विश्रांती घेतल्यानंतर चालकाने जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवावी.

२. हे ११ तास, कामावर आल्यापासून सलग १४ तासांच्या आतच पुरे करावेत. चौदा तास संपले की गाडी चालवायची नाही.

३. गाडी चालविण्याचे ८ तास होण्यापूर्वी किमान अर्धा तास चालविणे थांबवावे.

४. सात दिवसांत ६० तास किंवा आठ दिवसांत ७० तास काम झाल्यावर गाडी चालवू नये. सलग ३४ तास विश्रांती घेतली की हा आठवड्याचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

यातील दुसरा नियम नीट लक्षात ठेवावा. २००३ साली केलेल्या आणि जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या बदलाने तो आला. त्यापूर्वी चालकाला मध्ये विश्रांतीसाठी थांबून आपले घड्याळ थांबवता येत असे. नव्या नियमात घड्याळ एकदा सुरू झाले की जेवताना, माल भरताना, दारात ताटकळताना ते चालूच राहते. २०२० मध्ये काही सवलती मिळाल्या. उदाहरणार्थ, झोपण्याची केबिन असलेल्या गाडीत १० तासांची विश्रांती ७ आणि ३ तास अशी विभागून घेता येते व तेवढ्यापुरते चौदा तासांचे घड्याळ थांबते. मात्र मध्येच तीन तासांपर्यंत एकदा घड्याळ थांबवू द्यावे, ही चालकांना हवी असलेली आणि सरकारनेच आधी मांडलेली सूचना अंतिम नियमात आली नाही.

वहीच्या जागी यंत्र

हे तास पूर्वी चालक स्वतः कागदावर लिहीत असे. त्या वहीवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. चालक स्वतःच तिला थट्टेने चित्रकथेचे पुस्तक म्हणत. कारण उघड होते. लांब पल्ल्याच्या चालकाला बहुधा तासावर नव्हे, तर मैलावर मजुरी मिळते. गाडी उभी, की कमाई बंद. त्यामुळे मालकालाही जास्त मैल हवे असत आणि पुष्कळदा चालकालाही. मध्ये माल ताटकळला तर तो वेळ वहीत ‘झोप’ म्हणून लिहिला जाई.

२०१२ साली अमेरिकी संसदेने कायदा करून चालकाच्या तासांची आपोआप नोंद ठेवणारे यंत्र बसविण्याचे ठरविले. त्याला इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, थोडक्यात ई.एल.डी. असे म्हणतात. नियम डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ डिसेंबर २०१७ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि जुन्या पद्धतीची यंत्रे वापरण्याची सवलत १६ डिसेंबर २०१९ रोजी संपली.

या यंत्राचे काम साधे आहे. ते गाडीच्या इंजिनाच्या संगणकाशी जोडलेले असते. इंजिन केव्हा सुरू झाले, गाडी केव्हा हलली, किती मैल गेली, कोठे आहे, याची नोंद ते स्वतः करते. ताशी ५ मैल म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या वर वेग गेला की ‘गाडी चालवीत आहे’ अशी नोंद आपोआप पडते. गाडी चालू असताना दर तासाला जागेची नोंद होते. बाकीची कामे, म्हणजे माल भरणे, थांबणे, झोपणे, यांची नोंद चालकाने बटण दाबून करावयाची असते. रस्त्यावर तपासणी अधिकारी हा हिशेब जागेवर पाहू शकतो. इ.स. २००० पूर्वीच्या मॉडेलच्या गाड्यांना आणि कागदी नोंद क्वचितच ठेवावी लागणाऱ्या जवळपासच्या चालकांना या यंत्रातून सूट आहे.

चालकांनी दोन्ही बाजूंनी केलेला विचार

काही वर्षांपूर्वी एका अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी मला कॅलिफोर्नियात जाण्याची संधी मिळाली. सालिनासच्या खोऱ्यात लेट्यूस, म्हणजे सॅलडचा पाला, मोठ्या प्रमाणावर होतो. काढल्यावर तो लगेच निर्वात पद्धतीने थंड करतात. शून्य अंशाच्या आसपास ठेवल्यास तो साधारण तीन आठवडे टिकतो. तेथून न्यूयॉर्क सुमारे ४,७०० किलोमीटर. दिवसाला ११ तास म्हणजे साधारण साडेनऊशे किलोमीटर धरले तर एकट्या चालकाला पाच दिवस लागतात. दोघे आळीपाळीने चालवतील तर त्याहून खूपच कमी. सांगायचा मुद्दा हा, की तेथे शेतकरी, शीतगृह आणि व्यापारी हे पाच दिवस आधीच हिशेबात धरून चालतात.

शीतगृहाच्या धक्क्यावर गाडी भरण्याची वाट पाहत दोन चालक बसले होते. एक फ्रेस्नोकडचे पंजाबी सरदारजी होते. कॅलिफोर्नियात ट्रकच्या धंद्यात पंजाबी मंडळी बरीच आहेत. दुसरे पन्नाशी ओलांडलेले स्थानिक गृहस्थ. मी यंत्राचा विषय काढला आणि दोघांचा वाद सुरू झाला.

सरदारजी हिंदीत म्हणाले, “भाईसाहब, पूर्वी मालकाचा फोन यायचा, वहीत लिही झोपलो म्हणून आणि निघ. नाही म्हटले तर पुढची खेप दुसऱ्याला. आता मी म्हणतो, यंत्र बघा, तास संपले. त्यावर मालक काय बोलणार?” त्यांच्या मते यंत्राने प्रामाणिक माणसाचे भले झाले, कारण खोटी वही लिहून स्वस्तात भाडे घेणारा आता स्पर्धेत राहिला नाही.

दुसरे गृहस्थ मान हलवत होते. त्यांचे म्हणणे असे : “मी तीस वर्षे गाडी चालवली. झोप आली की बाजूला लावायचो, दोन तास झोपायचो आणि ताजातवाना निघायचो. आता झोप आली तरी घड्याळ चालूच. म्हणून झोपायचे सोडून मी पळत सुटतो. गाडी चालतेय हे यंत्राला कळते. मी दमलोय, हे त्याला कळत नाही.”

मला दोघांचेही पटले. आणि पुढे वाचन केल्यावर दिसले की दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे.

मालक यंत्राचा उपयोग चालकाच्या छळासाठी करतील, या मुद्द्यावर तेथील चालक-मालकांची संघटना न्यायालयात गेली होती. त्या मुद्द्याचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून २०१० चा आधीचा नियम न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. पुढच्या नियमात त्यामुळे छळाविरुद्धच्या तरतुदी आल्या. खाजगी कामासाठी गाडी वापरताना जागेची नोंद मुद्दाम ढोबळ, सुमारे १० मैलांच्या परिघातली ठेवली जाते, ती याचसाठी. संघटनेने २०१५ च्या नियमालाही आव्हान दिले, पण २०१६ मध्ये न्यायालयाने तो कायम ठेवला.

परिणामांचा अभ्यासही झाला आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका विद्यापीठीय संशोधनात असे आढळून आले, की यंत्रामुळे तासांचे नियम मोडण्याचे प्रमाण घटले, विशेषतः लहान वाहतूकदारांमध्ये. परंतु अपघात घटल्याचे दिसले नाही. उलट लहान वाहतूकदारांच्या चालकांत वेगमर्यादा मोडण्याचे प्रकार वाढले. तास कमी पडू लागले, तेव्हा चालकाने ती कसर वेगात भरून काढली.

तास कोठे जातात?

मग तास कमी का पडतात? येथे आपला संबंध येतो. एक साधे उदाहरण घेऊ.

समजा, एक चालक सकाळी ६ वाजता कामावर आला. तासभर गाडी चालवून ७ वाजता गोदामात डबाबंद टोमॅटो भरायला पोचला. गोदामात गाडी भरून मिळायला १२ वाजले. त्याचे चौदा तासांचे घड्याळ ६ ला सुरू झाले, ते रात्री ८ ला संपणार. १२ पासून ८ पर्यंत आठच तास उरले. सकाळचा एक धरून नऊ तास. कायद्याने ११ तास दिले, हाती ९ आले. दोन तास, म्हणजे जवळजवळ १८० किलोमीटरची कमाई गोदामाच्या दारात गेली.

तेथे साधारणपणे पहिले दोन तास थांबणे फुकट धरण्याची रीत आहे. त्यापुढे थांबण्याचे पैसे मिळतात, तेही ठरले असतील तर. अमेरिकी वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०१८ मध्ये एक अहवाल दिला. माल भरण्या-उतरविण्याच्या ठिकाणी सरासरी थांबणे १५ मिनिटांनी वाढले, तर अपघाताचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा अंदाज आहे. गोदामाच्या दारातली पंधरा मिनिटे पुढे रस्त्यावर अशी वसूल होतात.

थांबण्याच्या जागेचाही प्रश्न आहे. २००९ साली दक्षिण कॅरोलिनात दुधाची खेप घेऊन जाणारा एक तरुण चालक माल उतरविण्याच्या वेळेआधी पोचला. थांबायला सुरक्षित जागा नव्हती, म्हणून तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला. तेथे लुटारूने त्याचा खून केला. त्याच्या नावाने ‘जेसन्स लॉ’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद २०१२ च्या कायद्यात आली. ट्रक थांबविण्याच्या जागा वाढवाव्यात, हा तिचा हेतू.

शेतमालाला सवलत, पण किती?

अमेरिकेतील शेतकरी आणि जनावरांचे वाहतूकदार यांनी या नियमांना मोठा विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की, डबे गोदामात थांबू शकतात, जनावर गाडीत थांबू शकत नाही. भर उन्हात गाडी दहा तास उभी केली तर आतली गुरे दगावतील. मधमाश्यांचेही तसेच. दरवर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागा फुलतात, तेव्हा परागीभवनासाठी देशभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकने आणतात. दिवसा गाडी उभी राहिली की पेट्या तापतात आणि माश्या बाहेर पडू लागतात.

हा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य झाला. शेतमालाची उचल होते त्या जागेपासून १५० हवाई मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरच्या परिघात तासांची मोजणी लागू होत नाही. परिघ ओलांडला की घड्याळ सुरू होते. १९९५ साली हे अंतर १०० मैल होते, २०१२ मध्ये वाढवून १५० झाले. २०२१ च्या कायद्याने जनावरांसाठी पोचण्याच्या ठिकाणाभोवतीही असाच परिघ मिळाला. शिवाय जनावरे आणि मधमाश्या नेणाऱ्यांवर यंत्राची सक्ती करण्यासाठी पैसा खर्च करू नये, अशी अट संसदेने २०१८ पासून खर्चाच्या कायद्यांत घातली.

ही सवलत शेतकऱ्याच्या सोयीची आहे, यात शंका नाही. पण मला त्यात एक गोष्ट खटकते. सवलतीने कायदा थांबतो, झोप थांबत नाही. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी उतरते, असे १९९७ च्या एका प्रयोगात दिसून आले. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. याचा अर्थ, एक घोटही न घेतलेला पण सतरा तास जागा असलेला चालक दारूच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या चालकाइतका धोक्याचा असतो. आमचा चालक एकवीस तास जागा होता.

आपल्याकडची स्थिती

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगालाच लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या बाहेर राहिले. आणि त्यात कामाच्या तासांची व्याख्या करताना, थांब्यावरची नुसती हजेरी १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर ती कामात धरावी असे म्हटले होते. बांधावरच्या साडेदहा तासांना त्यात जागा नव्हती. हा कायदा आता २०२० च्या नव्या कामगार संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. दिवसाचे आठ तास हे मूळ माप तिच्यातही आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये, वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, असे मत मांडले होते. तास मोजणारे यंत्र मात्र आपल्या मालट्रकांना सक्तीचे नाही. फास्टॅग आहे, पुष्कळ गाड्यांत जी.पी.एस. आहे. त्यावरून गाडी कोठे आहे हे मालकाला कळते. चालक केव्हा झोपला होता, हे कळत नाही.

यंत्र आपल्याकडे येईल तेव्हा येईल. पण अमेरिकेतील अनुभवावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नुसते चालविण्याचे तास मोजून भागत नाही. थांबण्याचे तास मोजावे लागतात आणि ते थांबणे कमी करणे हे चालकाच्या हाती नसते. ते माल भरणाऱ्याच्या आणि उतरवून घेणाऱ्याच्या हाती असते. १४ तासांचा नियम त्या रात्री आमच्या बांधावर असता, तर पहाटे चारला सुरू झालेले घड्याळ संध्याकाळी सहालाच संपले असते. गाडी निघालीच नसती.

घाई कोणाला असते?

आपण म्हणाल, साहेब, माल नासला तर? कृषिविद्येचा माणूस म्हणून याचे उत्तर देणे माझे काम आहे. मेथी, कोथिंबीर, पालक यांच्या बाबतीत काही तासही महत्त्वाचे असतात हे खरे. पण रंग धरू लागलेल्या अवस्थेत तोडलेला टोमॅटो सावलीत, हवेशीर क्रेटमध्ये काही दिवस चांगला राहतो. चांगला सुकविलेला कांदा तर महिनोन्महिने टिकतो. अशा मालाला सहा तास उशीर झाला तर तो नासत नाही. उशिराचा परिणाम होतो तो लिलावावर. म्हणजे पुष्कळदा घाई मालाला नसून भावाला असते. त्या रात्रीचा आमचा टोमॅटो दुसऱ्या दिवशीच्या लिलावालाही चालला असता. दोन पैसे कमी मिळाले असते, इतकेच.

काय करावे?

१. माल आणि रिकामे क्रेट तयार झाल्यावरच गाडी बोलवावी. हुंडेकऱ्याला गाडीची वेळ सांगताना तोडणी पुरी होण्याची खरी वेळ सांगावी. “येऊन थांबू द्या, बघू” असे करू नये.

२. तोडणी सकाळी लवकर करून माल सावलीत ठेवावा. तापमान १० अंशांनी वाढले की फळाच्या श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. उन्हातले दोन तास मालाचे जेवढे नुकसान करतात, तेवढे रात्रीच्या गारव्यातला उशीर करीत नाही.

३. गाडी आल्याची वेळ, भरणे सुरू झाल्याची वेळ आणि निघण्याची वेळ एका वहीत लिहावी व चलनावरही टाकावी. हंगामाच्या शेवटी बेरीज करून पाहावी. कोणाचे किती तास गेले ते आपोआप दिसेल.

४. थांबण्याचे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, भाडे ठरवतानाच ठरवावे. ठरलेले पैसे चालकापर्यंत पोचतात का, हेही विचारावे.

५. निघण्यापूर्वी चालकाला तीन प्रश्न विचारावेत : शेवटचा केव्हा झोपला होतास? आज कोठून आलास? किती वेळापासून कामावर आहेस? उत्तरांची बेरीज चौदा तासांच्या वर जात असेल, तर गाडी सोडू नये. खाट टाकून द्यावी, किंवा मालकाकडून दुसरा चालक मागवावा.

६. अंतराचा हिशेब घाट, टोल, धुके धरून करावा. मोकळ्या रस्त्याच्या वेगाने वेळ देऊ नये.

७. शेतकरी गटांनी आणि उत्पादक कंपन्यांनी माल भरण्याच्या ठिकाणी चालकासाठी पाणी, संडास आणि पडायला एक स्वच्छ खोली ठेवावी. पॅकहाऊसच्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

बंधू-भगिनींनो, पाच वाजता पाणी सोडायचे असेल तर आपण मोटारीचा दाब, विजेची वेळ, चाऱ्यांची लांबी सगळे आधी बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र सगळा उशीर आपण करतो आणि तो भरून काढायला चालकाला सांगतो. तेवढी एक सवय बदलली तरी पुष्कळ होईल.

आमचा तो चालक पुढे गाडीवर गेला नाही. पाय आखूड राहिला. तो आता गावी किराणा दुकान चालवतो. वडील अधूनमधून त्याला भेटायला जातात. त्या दिवशीचा विषय दोघेही काढत नाहीत. पण वडिलांनी त्यानंतर एक वही घातली आहे. गाडी बांधावर आली की आधी वेळ लिहितात आणि मग चालकाला विचारतात, “का रं बाबा, झोप झालीया का तुझी?”

“नाही अण्णा” असे उत्तर आले, तर त्या रात्री आमची गाडी जात नाही.